फिरती बैठक

१० नोव्हेंबर २०२४

वरठीत रोटरी क्लब काढायचा आणि त्याचा सेक्रेटरी मी, असं आज ठरलं. ठरवलं भंडाऱ्याच्या क्लबातल्या डॉक्टरांनी. मी नाही म्हणायच्या आत लक्ष्मणरावांनी टाळी वाजवली. ते अध्यक्ष. स्टीलच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले, तरी अजून गल्लीत उभं राहून बोलले की मशीन चालू असल्यासारखे ओरडून बोलतात.

सेक्रेटरीला लिहायची सवय पाहिजे, म्हणून ही वही काढली. इथल्या भंडारा रोड स्टेशनवर तीस वर्षं स्टेशन मास्तर होतो, गाड्यांच्या नोंदी केल्या. माणसांच्या करता येतात का ते बघू.

डॉक्टरांनी दिलेलं माहितीपुस्तक संध्याकाळी वाचलं. १९०५ साली अमेरिकेत शिकागो शहरात चार माणसं एकत्र बसली. एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणीतला इंजिनीअर आणि एक शिंपी. दर वेळी बैठक वेगळ्या माणसाच्या कचेरीत, पाळीपाळीनं. बैठक फिरती, म्हणून नाव रोटरी. हे मला आवडलं. आपणही तसंच करावं. नाहीतरी वरठीत बैठकीला हॉल कुठं आहे?

बायको उषा जाऊन चार वर्षं झाली. मुलगी गुंजन बंगळुरूला नोकरीत. त्यामुळे सेवेला माझ्याजवळ वेळ भरपूर आहे.

१७ नोव्हेंबर

पहिली बैठक संघपालच्या मोबाईलच्या दुकानात. शटर अर्धं खाली ओढून बसलो. संघपाल आमच्यात सगळ्यात तरुण, पण दुकान त्याचं म्हणून बोलण्याचा मान त्याला.

एक बाई सदस्य आहेत. श्रीमती ज्योत्सना कारेमोरे, निवृत्त आरोग्य सेविका. सगळी नोकरी सिहोऱ्याकडच्या खेड्यांत झाली. आता वरठीत यजमानांच्या घरी एकट्या राहतात, यजमान वारले. मुलगा पुण्याला. लक्ष्मणरावांनी त्यांना बोलावलं ते फोटोत एक बाई असावी म्हणून. त्यांनी हे माझ्या कानात सांगितलं, पण त्यांचं कानातलं बोलणं दुकानभर ऐकू येतं.

मी क्लबचा इतिहास वाचून दाखवला. बायकांना सदस्य होता यावं असा नियम १९८९ साली झाला, या वाक्याशी आलो तेव्हा कारेमोरेबाईंनी हात वर केला.

"म्हणजे ऐंशीच्या वर वर्षं बायाइले सेवा येत नव्हती का जी?"

मी घाईनं पान उलटलं. पुढं पोलिओचं आलं. जगातला पोलिओ घालवायला रोटरीनं फार मोठी मदत केली, हे वाचलं. बाई स्वतःशीच हसल्या. म्हणाल्या, बावनथडीच्या काठाकाठानं फिरून पोट्ट्याइले थेंब पाजले मी, अन् मलेच हे माहीत नाही.

त्या बिनसाखरेचा चहा घेतात. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली आहे. (हे इतिवृत्तात घ्यायचं नाही.)

१ डिसेंबर

पहिलं काम कोणतं घ्यायचं यावर चर्चा. लक्ष्मणरावांना स्टेशनसमोर थंड पाण्याची मशीन पाहिजे, वर क्लबचं नाव. संघपालला रक्तदान पाहिजे. कारेमोरेबाईंनी सांगितलं की आठवडी बाजारात बायांसाठी संडास-मुतारी बांधावी.

लक्ष्मणराव हसले. एवढा आंतरराष्ट्रीय क्लब अन् सुरुवात संडासापासून करायची? भंडाऱ्याचे लोक काय म्हणतील?

बाई चिडल्या नाहीत. दवाखान्यात बोलत असतील तशा सरळ आवाजात बोलल्या. खेड्यांतून भाजी, मासोळ्या घेऊन येणाऱ्या बाया सकाळपासून पाणी पीत नाहीत. बाजार उठेपर्यंत दम धरतात. पुढं लघवीची जळजळ, ताप, किडनीचं दुखणं. नोकरीत हेच पाहत आल्या. आपल्या माणसांना त्या सांगत नाहीत आणि माणसं विचारत नाहीत.

निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला. मी काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं असं घरी आल्यावर वाटलं.

३ डिसेंबर

रोटरीचा जुना इतिहास शोधत बसलो होतो, तर काय सापडावं! शिकागोच्या त्या पहिल्या क्लबानं गावासाठी जे पहिलं काम केलं ते म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीजवळ सार्वजनिक संडास. १९०७ साली त्यांनी ते लावून धरलं.

लगेच सायकल काढली आणि कारेमोरेबाईंकडं गेलो. फोनवर सांगता आलं असतं, पण अशी गोष्ट समोर दाखवलेली बरी.

त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून पदरानं पुसला आणि हसल्या. म्हणाल्या, "लक्ष्मणरावाइले आता काय सांगता? शिकागोवाले तं गावठीच निघाले." अंगणात बसून चहा झाला. नव्या तांदळाचं आयतं, म्हणजे धिरडं, केलं होतं, ते आग्रहानं वाढलं. त्यांच्या अंगणात पेरूचं झाड आहे आणि त्याखाली दोन खुर्च्या आहेत. एक खुर्ची कोणी वापरत नसावं. बसायच्या आधी त्यांनी ती फडक्यानं पुसली.

परत यायला उशीर झाला. झोप लागली नाही. आयत्याचं पित्त झालं असणार.

१५ डिसेंबर

आजची बैठक बाजारात झाली. हे बाईंचंच डोकं. बैठक फिरती आहे ना, मग यावेळी बायजाबाईच्या दुकानी, म्हणाल्या. बायजाबाई ढिवर समाजाची, तलावाकाठच्या गावाहून मासे आणते. दुकान म्हणजे जमिनीवर पोतं आणि पोत्यावर घमेलं.

अट अशी होती की बाजार सुटेपर्यंत कोणी उठायचं नाही. घोळक्यानं पोत्याच्या मागं बसलो. लोक थांबून बघत होते, एवढ्या माणसांनी मिळून मासोळ्याचा धंदा टाकला की काय. बायजाबाईला आधी संकोच वाटला. मग तिनं आम्हाला माशा हाकलायला लावल्या.

लक्ष्मणरावांना साखरेचा आजार. तासाभरात ते चुळबुळ करू लागले. थोड्या वेळानं उठले आणि मैदानामागं भिंतीशी जाऊन आले. आल्यावर कोणाकडं न बघता बसले. बायजाबाई माशाचे खवले काढता काढता म्हणाली, "भाऊ, तुमाले भिंत तरी आहे."

तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नाही. असंच म्हटलं. बाजार सुटायच्या आत लक्ष्मणराव स्वतःच म्हणाले की मशीन राहू द्या, आधी हे करू. सगळ्यांनी हात वर केले. बायजाबाईनंही केला. ती सदस्य नाही, पण तिचा हात मी मोजला.

कारेमोरेबाई दिवसभर माझ्या शेजारी बसल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "तुमी उठले नाई, तितिरमारेजी." मी म्हणालो, स्टेशनवर सवय झाली. खरं म्हणजे वेळ कसा गेला तेच कळलं नाही.

२ फेब्रुवारी २०२५

जागेपायी दीड महिना गेला. काम सगळ्यांना पाहिजे, पण आपल्या दुकानाशेजारी कोणालाच नको. कापडवाला म्हणाला वास येईल, किराणावाला म्हणाला गिऱ्हाईक जाईल. मी आणि ज्योत्सनाबाई दारोदार फिरलो. त्या बोलत आणि मी मागं उभा राहून मान हलवत असे. शेवटी ग्रामपंचायतीनं धान्याच्या शेडमागची रिकामी जागा दिली. पाण्याचा नळही जवळ आहे.

रात्री गुंजनचा फोन आला. सगळं सांगितलं. ती हसायला लागली. म्हणाली, बाबा, तुम्ही आजकाल फोनवर एकाच माणसाबद्दल बोलता, लक्षात आलं का? मी म्हटलं, लक्ष्मणराव अध्यक्ष आहेत, त्यांच्याबद्दल बोलावंच लागतं. ती आणखी हसली. पोरीचं आजकाल काही समजत नाही.

२३ फेब्रुवारी

आज रोटरीचा वाढदिवस. पाळी ज्योत्सनाबाईंच्या घरची होती. पेरूखाली सतरंज्या टाकल्या. त्या कत्थ्या रंगाचं लुगडं नेसल्या होत्या, काठ हिरवा. भाषण माझं.

त्या शिकागोच्या वकिलाबद्दल बोललो. तो वाढला आजी-आजोबांकडं, डोंगरातल्या लहान गावात, जिथं सगळे सगळ्यांना ओळखतात. वकिली करायला मोठ्या शहरात आला. काम मिळालं, पण जीव रमेना. सुटीच्या दिवशी बागेत जायचा, तिथं माणसांची गर्दी आणि ओळखीचं तोंड एक नाही. एकदा एका मित्राबरोबर फिरायला गेला. तो मित्र रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानदाराला नावानं हाक मारत होता. ते पाहून याच्या मनानं घेतलं की आपल्यालाही असं गाव पाहिजे. पुढं काही वर्षांनी क्लब निघाला. जगभरच्या सेवेचा पसारा त्यानंतर वाढला.

भाषण चांगलं झालं असावं, कोणी मध्येच उठलं नाही. सगळे गेल्यावर मी सतरंज्या घड्या घालू लागलो. ज्योत्सनाबाईंनी दुसरं टोक धरलं.

"म्हणजे सेवा मागून आली," त्या म्हणाल्या. "आधी त्याले माणूस पाह्यजे होता."

मी म्हणालो, तसं पुस्तकात कुठं लिहिलेलं नाही. त्यांनी घडी माझ्या हातात दिली आणि आत गेल्या. काही चुकीचं बोललो की काय, असं वाटत राहिलं. पण पुस्तक पुन्हा पाहिलं. खरंच तसं लिहिलेलं नाही.

६ एप्रिल

भिंती उभ्या राहिल्या. ताज्या सिमेंटला सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं. मिस्त्री विसरतो, म्हणून आम्ही दोघं जातो. मी पाइप धरतो, ज्योत्सना नळ फिरवते. ऊन फार, पण संध्याकाळी ओल्या भिंतीचा वास येतो. दुसरं विशेष काही नाही. हल्ली भूक चांगली लागते.

२० एप्रिल

आज पाणी मारून झाल्यावर ज्योत्सना शेडच्या पायरीवर बसली. म्हणाली, मुलाचा फोन आला होता. सून नोकरीवर परत जाणार, नातीला सांभाळायला घरी कोणी नाही. आई, आता तू पुण्यालाच ये, म्हणतो. घर भाड्यानं देऊन टाकू म्हणतो.

मी विचारलं किती दिवसांसाठी. ती म्हणाली, कायमचंच.

मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुमाले काय वाटते जी? जाऊ का?"

मी नीट विचार केला. सदस्य कमी होईल, बांधकाम अर्धं आहे, हे सगळं मनात आलं. पण हा आपला स्वार्थ झाला. रोटरीचं ब्रीदच आहे की स्वतःच्या आधी सेवा. म्हणून म्हणालो, नातीपेक्षा मोठं काय आहे? अवश्य जा. पुण्यात क्लब पुष्कळ आहेत. तुमचं सदस्यत्व तिकडं लागेल, ते पत्र मी करून देतो.

ती थोडा वेळ ओल्या भिंतीकडं बघत राहिली.

"बरं," म्हणाली. "करून द्या पत्र."

तिला योग्य सल्ला दिला, याचं समाधान आहे. तरी घरी येऊन दिवा लावायचं सुचलं नाही. अंधारात बसलो होतो.

२७ एप्रिल

जेवण जात नाही. ऊन बाधलं असावं.

लक्ष्मणराव आले होते. ज्योत्सना जाणार हे त्यांना कळलं. मी त्या संध्याकाळचं सगळं बोलणं सांगितलं. माझा सल्ला बरोबर होता ना, असं विचारलं.

जन्मात पहिल्यांदा ते हळू आवाजात बोलले. "मास्तर, तिनं गाडीचा टाइम इचारला नव्हता. अन् तुमी हिरवी झेंडी दाखवली."

मी म्हणालो, तिचं कर्तव्य तिकडं आहे. ते म्हणाले, असंन. मग पाण्याचा पेला भरून माझ्यापुढं ठेवला आणि गेले.

रात्रभर त्यांचं बोलणं डोक्यात फिरत होतं. तिनं विचारलं होतं, जाऊ का. यात दुसरं काय विचारलेलं असू शकतं? आणि असलं, तर माझ्या वयाच्या माणसानं काय उत्तर द्यायचं असतं?

११ मे

आज उद्घाटन झालं. भंडाऱ्याचे डॉक्टर आले, पण फीत बायजाबाईनं कापली. ज्योत्सनानं आधीच तसं ठरवलं होतं. ती नुसती या दिवसासाठी थांबली होती.

फीत कापून झाल्यावर बायजाबाई भाषण करणार नाही म्हणाली. तिनं मासे ठेवायच्या घमेल्याशेजारचा लोटा उचलला आणि भर दुपारी, सगळ्यांसमोर, एका दमात पाणी प्यायली. पदरानं तोंड पुसलं. भाजीवाल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. लक्ष्मणरावांनी तोंड फिरवून डोळे पुसले. चावी आणि साफसफाई बाजारातल्या बायांनीच आळीपाळीनं बघायची असं ठरलं आहे.

मी ज्योत्सनाकडं बघत होतो. ती बायजाबाईकडं बघत होती. तिच्या चष्म्याला नवी काडी बसवली आहे. पुण्याला जायचं म्हणून बसवली असणार. मला ती दोऱ्याचीच बरी वाटत होती.

१२ मे

सकाळच्या महाराष्ट्र एक्स्प्रेसनं ज्योत्सना गेली.

तिचा डबा कुठं लागतो हे मला माहीत होतं. तिला बरोबर तिथं उभं केलं. सामान दोन पेट्या आणि एका पिशवीत नवे तांदूळ. मी सांगितलं, नागपूरला पाणी भरून घ्या, वर्ध्यानंतर ऊन वाढतं. पुण्याच्या क्लबचं पत्र दिलं. तिनं ते न वाचता पिशवीत ठेवलं.

"आणखी काही सांगाचं होतं का?" तिनं दारातून विचारलं.

तोंडाशी आलं होतं. काय आलं होतं ते शब्दांत सांगता येत नाही. मी म्हणालो, सांभाळून जा.

नोकरीत शेवटचा डबा गेला की मी लगेच वळायचो आणि पुढच्या स्टेशनाला कळवायचो. आज कळवायला कोणी नव्हतं. रूळ रिकामे झाल्यावरही उभा होतो. चहावाला जवळ येऊन म्हणाला, मास्तर, पुढची गाडी उशिरा आहे, बसा ना सावलीत.

१ जून

बैठक झाली. पावसाळ्यात झाडं लावायची आहेत. इतिवृत्तात आठ ओळी भरल्या.

बाजारात जाऊन आलो. जागा स्वच्छ आहे, टाकीत पाणी आहे. बायजाबाईनं विचारलं, बाईचा फोन येते का? मी म्हणालो, कामात असतील. ती म्हणाली, "तुमी करा ना."

केला. ज्योत्सना अकराव्या मजल्यावर राहते. नात गोड आहे, रात्री तिच्याच कुशीत झोपते. मुलगा-सून रात्री उशिरा येतात. लिफ्टमध्ये रोज माणसं भेटतात, पण कोणी बोलत नाही. पेरू पिकले का विचारलं. मी म्हणालो, तुमच्या अंगणात भाडेकरू आला, मला आत जाता येत नाही. मग दोघंही गप्प झालो. फोन मात्र कोणीच ठेवला नाही. शेवटी नात रडली म्हणून तिनं ठेवला.

मी तो वेळ वाया गेला असं समजत नाही.

८ जून

रोटरीत एक सोय आहे. आपल्या क्लबच्या बैठकीला जाता आलं नाही तर जगात कुठंही, दुसऱ्या कोणत्याही गावच्या क्लबात जाऊन बसता येतं, आणि तुमची हजेरी धरली जाते. पुढच्या रविवारी मी पुण्याच्या बैठकीला जातो, असं आज सगळ्यांना सांगितलं. तिकडची कामाची पद्धत पाहून येतो म्हणालो. लक्ष्मणराव म्हणाले, अवश्य पाहून या. संघपालनं दुकानातच तिकीट काढून दिलं.

ज्योत्सनाला फोन करून हेच सांगितलं.

"बैठकीले?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो. ती बरं म्हणाली. हे 'बरं' मी आधी ऐकलं होतं, शेडच्या पायरीवर. फोन ठेवून वही उघडली आणि जाण्याचं कारण लिहायला घेतलं: 'पुणे येथील क्लबच्या कार्यपद्धतीचा अभ्यास.' लिहिलं आणि खोडलं. हे खरं नव्हतं. पुण्याचा क्लब कुठं भरतो हेसुद्धा मी अजून पाहिलेलं नाही.

पुन्हा फोन लावला. तिनं लगेच उचलला.

"मी बैठकीले नाई येऊन राहिलो," मी म्हणालो. "तुमाले भेटाले येऊन राहिलो. त्या दिवशी तुमी इचारलं, जाऊ का. मले नका जाऊ म्हणायचं होतं. तेव्हा समजलं नाई."

पलीकडं कुकरची शिटी झाली. मग आणखी एक. मला वाटलं फोन तसाच टाकून ती गॅसकडं गेली.

"गाडी किती वाजता पोचते?" ज्योत्सनानं विचारलं.

वेळ सांगितली. उशीर होऊ शकतो, दौंडला थांबते, हेही सांगितलं. पत्ता लिहून घ्यायला पेन धरला, तर ती म्हणाली पत्ता कायले, मी नातीले घेऊन स्टेशनावर येते.

इतकी वर्षं मी स्टेशनावरच होतो. मला घ्यायला स्टेशनावर कोणी येणार, असं आजवर झालेलं नाही.